तांबड्या तेलाची साक्ष

कॅल्गरीच्या हिवाळ्यात भल्या पहाटे एखाद्या वसाहतीतून पायी चालत गेले, तर दारोदार उभ्या असलेल्या मोटारींच्या तोंडातून एकेक वायर लोंबताना दिसते आणि तिचे दुसरे टोक भिंतीतल्या विजेच्या खटक्यापर्यंत गेलेले असते. पारा शून्याखाली तीस अंशांच्या आसपास घुटमळू लागला, की निघण्यापूर्वी तीन-चार तास तरी इंजिनाला अशी विजेची ऊब दिल्याखेरीज ते सुखासुखी चालू होत नाही, हे येथे पोराबाळांनाही ठाऊक आहे. या योजनेला ब्लॉक हीटर म्हणतात. तिच्यात एक उणीव आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही ऊब मिळते ती इंजिनात खेळणाऱ्या पाण्याला. त्याच इंजिनाच्या अंगाला बोल्टांनी जखडलेला गिअरबॉक्स मात्र आपल्या पोटातल्या सात-आठ लिटर तेलासह रात्रभर तसाच गारठून बसलेला असतो, आणि सकाळी यजमान जागा नि कारभारी निजलेला असा प्रकार होतो.

गतवर्षीच्या जानेवारीत अशाच एका सकाळी, वयाची वीस वर्षे ओलांडलेल्या आणि अडीच लाख किलोमीटरांच्या घरात पोहोचलेल्या माझ्या गाडीने मागे सरण्यास नकार दिला. दांडा रिव्हर्सवर आणला, ब्रेकवरचा पाय सैल केला, आणि काहीच घडले नाही. मनाशी एक, दोन, तीन, चार असे अंक मोजून होतात न होतात तोच, पाठीत कोणी धपाटा घालावा तसा हिसका देऊन ती मागे आली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ताशी सत्तर किलोमीटरांच्या सुमारास तिच्या अंगात कापरे भरले. बैलगाडीच्या चाकोरीतून चाललो आहोत असे वाटावे अशी ती थरथर पाचसात क्षण टिकून आपोआप विरली. त्याच दिवशी एका गॅरेजात नेली असता तेथल्या इसमाने बॉनेटसुद्धा न उघडता ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल दिला, आणि दुसरा बसवण्याचा जो आकडा सांगितला तो गाडीच्या बाजारभावाहून अधिक निघाला.

आमच्या शेजाऱ्यांचे वडील त्या सुमारास पुण्याहून मुलाकडे आले होते. दापोडीच्या एस.टी.च्या कार्यशाळेत त्यांची सारी हयात गेलेली. स्वयंचलित गिअरबॉक्स त्यांनी उभ्या जन्मात उघडला नव्हता, आणि तसे त्यांनी आरंभीच सांगून टाकले.

“तेल बघितलं का?” त्यांनी विचारले.

“नाही काका. त्यानं नुसतं ऐकूनच सांगितलं, गेला म्हणून.”

“अहो, मेलेल्या माणसाचीसुद्धा आधी नाडी बघतात, मगच दाखला देतात!”

काकांच्या या एका वाक्यात सगळी रीत सामावलेली आहे, हे मला पुढच्या दोन महिन्यांत उमगले. जुन्या गाडीचा स्वयंचलित गिअरबॉक्स ‘जातो’ तेव्हा पुष्कळदा तो गेलेला नसतो. त्याच्या तेलाला, त्याच्या तारांना किंवा त्याच्या शेजाऱ्यांना काही झालेले असते, आणि ते न पाहताच त्याला बडतर्फ करण्यात येते. परंतु तेल काय सांगते हे कळण्यासाठी त्या बंद पेटीत तेलाचा अंमल किती दूरवर चालतो, ते आधी पाहिले पाहिजे.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीवर, स्टिअरिंगच्या बगलेतला दांडा ओढीत जे गाडी चालवायला शिकले, त्यांना क्लच घसरू लागल्याचे आधी डाव्या पायाला कळे. स्वयंचलित गाडीत तो पाय बेकार झाला आणि त्याचे ज्ञान तेलाकडे गेले. औरंगाबादची पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल त्यांना पुढचे समजणे सोपे जाईल. तेथे प्रवाह बाहेरून येतो आणि पात्यांचे चाक फिरवतो. येथे इंजिनाला जोडलेले एक चाक तेलाचा प्रवाह स्वतःच उत्पन्न करते, तो समोरच्या दुसऱ्या चाकावर आदळून त्यास फिरवतो, आणि दोहोंच्या मध्ये बसवलेले तिसरे लहान चाक परतणाऱ्या तेलाची दिशा पालटून ते पुन्हा पहिल्याच्या मदतीस धाडते. या तिसऱ्या चाकाच्या कर्तबगारीमुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ दुपटीच्या आसपास वाढतो. हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली हे तत्त्व जहाजांसाठी शोधून काढले. मोटारीत त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

त्याच्या मागे दंतचक्रांची एक चमत्कारिक ग्रहमाला असते. मध्ये सूर्य, त्याभोवती फिरणारे ग्रह, आणि बाहेरून सर्वांना वेढणारे आतल्या बाजूस दाते असलेले कडे. हाती चालवायच्या गाडीत गिअर बदलताना एक जोडी सुटते आणि दुसरी गुंतते. येथे दाते कधीच सुटत नाहीत, केवळ कोणास धरून ठेवायचे आणि कोणास मोकळे सोडायचे एवढाच निर्णय बदलतो. ही धरपकड करण्यासाठी घर्षणाच्या चकत्यांचे क्लच आणि पोलादी पट्टे तैनात केलेले असतात. त्यांना हुकूम जातो तो तेलाच्या दाबाने, आणि तो हुकूम कोणत्या वाटेने कोणाकडे जावा हे ठरवणारी, शेकडो वळणावळणांच्या नळ्या कोरलेली एक जाड तबकडी तळाशी असते, ती म्हणजे या राज्याची फडणिशी. दाब निर्माण करणारा पंप इंजिनानेच फिरतो. म्हणूनच आपल्याकडे बॅटरी उतरली म्हणजे चार माणसे जमवून धक्का मारण्याची जी वहिवाट आहे, ती येथे सर्वस्वी निरुपयोगी ठरते: इंजिन थांबलेले तर दाब नाही, दाब नाही तर एकही क्लच धरलेला नाही, आणि चाके कितीही फिरली तरी इंजिनाला त्याची वार्ता नाही.

या यंत्राच्या पूर्वेतिहासात आमच्या शेजारच्या प्रांताचाही वाटा आहे. कॅल्गरीच्या पूर्वेस सुमारे साडेसातशे किलोमीटरांवरील रेजायना येथील अल्फ्रेड हॉर्नर मन्रो या वाफेच्या यंत्रांच्या अभियंत्याने १९२१ मध्ये स्वयंचलित गिअरबॉक्सची कल्पना मांडली आणि १९२३ मध्ये कॅनडात तिचे पेटंट मिळवले. पण त्याने तेलाऐवजी दाबलेली हवा योजली होती. तीत जोर अपुरा पडला आणि ते यंत्र बाजारात कधी आलेच नाही. तेलाच्या दाबावर चालणारा, मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. तो १९३९ मध्ये जाहीर झाला आणि १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत बसवण्यात आला. मन्रोची हवा आपण विसरू नये. ती पुढे एका अनपेक्षित जागी भेटणार आहे.

तेल पाहण्याचा विधी ठरलेला आहे. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून तेल पुरते तापू द्यावे, सपाट जागी उभी करावी, ब्रेक दाबून दांडा एकदा सर्व खाचांतून सावकाश फिरवून पार्कवर आणावा, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू असतानाच डिपस्टिक ओढून, पुसून, पुन्हा घालून वाचावी. काही उत्पादक इंजिन बंद करून लगेच पाहावयास सांगतात, तेव्हा गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. त्यानंतर एक थेंब पांढऱ्या शुभ्र कागदावर टिपावा. इंजिनातल्या तेलाशी घोटाळा होऊ नये म्हणून या तेलाला मुद्दाम तांबडा रंग दिलेला असतो; ताजे असते तेव्हा ते डाळिंबाच्या दाण्यासारखे पारदर्शक दिसते, वयोमानाने कोकमाच्या आगळाची झाक घेते, आणि क्लचच्या चकत्या जळू लागल्या, की काकवीसारखे काळे पडून त्याला करपट वास येतो. हा वास एकदा घेतलेला माणूस तो पुन्हा विसरत नाही. सर्वांत अशुभ रंग मात्र काळा नव्हे, गुलाबी: थेंब सोलकढीसारखा दुधाळ दिसला, तर समजावे, की तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आत फुटली असून पाणी आणि तेल एकत्र आले आहेत. घर्षणाच्या चकत्यांचा गोंद पाण्याने सुटतो. अशा गाडीला त्यानंतर एक किलोमीटरही चालवू नये.

माझ्या गाडीचा थेंब आगळाच्या रंगाचा होता, वास करपट नव्हता, आणि पातळी खालच्या खुणेच्याही बोटभर खाली होती. पातळी उतरली, की पंपाच्या तोंडाशी तेलाबरोबर हवाही ओढली जाते, तेलाला फेस येतो, आणि फेस हा दाबला असता आकुंचतो. हुकूम निघतो, पण वाटेतच त्याचा जोर मावळतो. शंभर वर्षांपूर्वी मन्रोच्या यंत्रात जी हवा नडली, तीच आता माझ्या गाडीत चोरवाटेने शिरली होती. (तेल खुणेच्या वर भरले तरी फिरती चक्रे ते घुसळून असाच फेस काढतात, तेव्हा ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा गृहिणीचा न्याय येथे लावू नये.)

तेल गेले कोठे? जमिनीवर डाग नव्हता. काकांनी गुडघे टेकून, विजेरी धरून, रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांवर बोट फिरवले आणि ते तांबडे होऊन आले. येथल्या रस्त्यांवर बर्फासाठी मीठ मिसळलेली खडी टाकतात. त्या मिठाने नळी आवळणारे कडे गंजले होते, आणि रबर कडाक्याच्या थंडीत आखडून ताठ झाले म्हणजे तेवढ्या वेळापुरतेच तेल पाझरे. एकदा गाडी तापली, की रबर फुगून गळती बंद.

नळी आणि कडे बदलून, पुस्तिकेत नेमलेल्या प्रकारचेच एक लिटर तेल घातले. चार सेकंदांचा विलंब दोनवर आला, कापरे मात्र कायम राहिले. आणि मग चिनूक सुटला. रॉकी पर्वत उतरून येणारा हा कोरडा, उबदार वारा काही तासांत वीस-वीस अंशांनी तापमान चढवतो; दक्षिणेकडील पिंचर क्रीक येथे १९६२ च्या जानेवारीत तासाभरात पारा शून्याखाली एकोणीस अंशांवरून शून्यावर बावीस अंशांपर्यंत गेल्याची नोंद आहे. शोधकर्त्या माणसाला याहून चांगली प्रयोगशाळा कोणी बांधून देणार नाही. आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक असे दोन मार्ग सांगितले: कारण असता कार्य असणे, आणि कारण नसता कार्य नसणे. त्याच गाडीत, त्याच तेलावर, केवळ थंडी काढून घेतली असता विलंब एका सेकंदावर आला, म्हणजे उरलेला विलंब घट्ट झालेल्या तेलाचा. त्याला रोग म्हणता येत नाही. (टोयोटाच्या दुरुस्ती-पुस्तिकांत, तेल तापलेले असता न्यूट्रलमधून ड्राइव्ह १.२ सेकंदांच्या आत आणि रिव्हर्स १.५ सेकंदांच्या आत पडावा, असे प्रमाण दिलेले असते.) उलट कापरे थंडीतही होते आणि चिनूकमध्येही होते, म्हणजे त्याचा थंडीशी संबंध नव्हता आणि पातळीशीही नव्हता. एकाच सकाळी आले म्हणून मी ज्यांना एक रोग समजत होतो, ते दोन निघाले.

कापऱ्याची परीक्षा रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही याची खातरजमा करून, डाव्या पायाने घ्यावयाची असते. टॉर्क कन्व्हर्टरमधली दोन चाके तेलातून एकमेकांस ओढतात तेव्हा थोडी शक्ती वाया जाते. म्हणून गाडीने वेग धरला, की एक स्वतंत्र क्लच त्यांना एकत्र जखडून टाकतो. या क्लचला ब्रेकच्या दिव्याचा खटका सोडवतो. थरथर चालू असताना उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला केवळ दिवा लागण्यापुरते शिवावे: इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोनशे-तीनशेंनी वर जाऊन थरथर तत्क्षणी थांबली, तर दोष या क्लचकडे आहे; थरथर तशीच राहिली, तर स्पार्क प्लग, इंजिनाचे रबरी आधार किंवा चाकांकडे जाणारे दांडे यांची जबानी घ्यावी. किती गिअरबॉक्स केवळ एका निकामी प्लगापायी उतरवले गेले असतील, कोण जाणे. माझी थरथर पाय लावताच थांबली.

आयुर्वेदाने रोगज्ञानाच्या पाच साधनांत ‘उपशय’ असे एक सांगितले आहे: रोग ओळखू येत नसेल, तर एखादा उपचार करून पाहावा आणि उतार पडतो की नाही त्यावरून रोग ठरवावा. कन्व्हर्टरच्या क्लचने न थरथरता धरावे म्हणून तेलात घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये घातलेली असतात (एके काळी यासाठी चक्क स्पर्म व्हेलचे तेल वापरीत, ते १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या कायद्याने बंद झाले), आणि ही द्रव्ये वर्षानुवर्षांच्या उष्णतेने झिजतात. म्हणून तेल बदलणे हाच येथे उपशय. मात्र खालचा बूच काढून जे निथळते ते तीन-चार लिटरच. बाकीचे कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने तीनदा निथळून भरले. यंत्राने दाब देऊन सगळे तेल एकदम धुऊन काढण्याची जी पद्धत आहे, तिच्या वाटेला जुन्या गाडीने जाऊ नये असे माझे मत आहे; ‘तेल बदलले आणि गिअरबॉक्स मेला’ या लोकप्रवादात त्या धुण्याचा आणि आधीच झिजलेल्या चकत्यांचा वाटा मोठा असावा. तेलाचा प्रकार चुकला तर काय होते याचा मोठा दाखला क्रायस्लरच्या १९८९ साली आलेल्या अल्ट्राड्राइव्ह गिअरबॉक्सने घालून दिला: त्याला कंपनीचे विशिष्ट तेल लागे, बाजारात सर्रास मिळणारे तेल लोकांनी भरले, आणि थरथरीच्या तक्रारींचा पाऊस पडला.

विजेच्या बाजूचे थोडक्यात सांगतो. कॅनडात १९९८ पासूनच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक ठरावीक सॉकेट असते. स्वस्तातले वाचकयंत्र त्यात खोचले, की संगणकाने टिपलेले सांकेतिक अंक दिसतात. पी ०७०० याचा अर्थ गिअरबॉक्सच्या दप्तरात फिर्याद दाखल आहे, एवढाच. पी ०७१५ वेगमापक संवेदकाकडे बोट दाखवतो, पी ०७४० कन्व्हर्टरच्या क्लचकडे. फिर्याद म्हणजे निकाल नव्हे. गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकून बसली, की लोकांना वाटते सर्वनाश झाला. वस्तुतः संवेदकाचा निरोप न मिळाल्याने संगणकाने सुरक्षिततेसाठी बाकीचे गिअर तहकूब ठेवलेले असतात, आणि मूळ कारण मिठाने हिरवी पडलेली एखादी पिनही असू शकते.

तेल आणि वीज निर्दोष ठरल्यावरच यंत्राच्या अंतरंगाकडे वळावे, आणि तेथेही पाना उचलण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. प्रत्येक गिअरमध्ये कोणता क्लच नि कोणता पट्टा तैनात असतो याचा तक्ता दुरुस्ती-पुस्तिकेत असतो. क्रायस्लरने १९५६ मध्ये आणलेल्या टॉर्कफ्लाइटचे उदाहरण घेऊ. त्यात मागचा क्लच पुढे जाणाऱ्या प्रत्येक गिअरला लागतो, पुढचा क्लच तिसऱ्याला आणि रिव्हर्सला. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरतात पण पहिला-दुसरा ठीक आहेत, तर गुन्हेगार पुढचा क्लच. गाडी मागे जाते पण पुढे मुळीच जात नाही, तर मागचा. दांडा ड्राइव्हवर असता हलत नाही आणि ‘एक’वर आणताच निघते, तर एकाच दिशेने धरणारा क्लच मोडला, कारण ‘एक’वर त्याच्या जोडीला पट्टा येतो. पेटीचे झाकणही न उघडता केवळ कोण कामावर हजर होता आणि कोण गैरहजर यावरून दोषी सापडतो. या कारभारातला हा सर्वांत रम्य भाग आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी वापरला जाणारा.

ब्रेक घट्ट दाबून, ड्राइव्हमध्ये, पाच सेकंदांहून अधिक नाही इतकाच वेळ पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन इंजिनाचा काटा कोठे थबकतो ते पाहण्याची एक परीक्षा आहे. नेमल्याहून फार वर गेला तर क्लच घसरतो, फार खाली राहिला तर इंजिन अशक्त किंवा कन्व्हर्टरचे तिसरे चाक नादुरुस्त. कॅल्गरीत ती करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: पायाखाली बर्फ नसावा, आणि हे शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच असल्याने विरळ हवेत साध्या इंजिनाची सुमारे दहा टक्के ताकद मुळातच कमी भरते, तेव्हा काटा थोडा खाली राहिला म्हणून कन्व्हर्टरवर ठपका ठेवू नये. जुन्या गाडीवर ही परीक्षा मी स्वतः केली नाही; करू नये असेच सुचवीन.

तिसऱ्यांदा तेल निथळताना तळाचे पात्र उतरवले. आतल्या चुंबकावर राखाडी रंगाची, बोटांत काजळासारखी पसरणारी मऊ पेस्ट होती. इतकी झीज या वयाला साहजिक. पितळी चकाकी नव्हती, पोलादाचे तुकडे नव्हते, पण काळ्या चकतीचे नखाएवढे दोन पापुद्रे होते. कापरे तोवर थांबले होते. एप्रिलमध्ये गाडी ट्रान्स-कॅनडा हमरस्त्याने पश्चिमेस, चौदाशे मीटरांहून उंच असलेल्या स्कॉट लेक हिलच्या चढणीवर नेली. तेथे तिसऱ्यातून चौथा गिअर पडताना इंजिनाचा काटा क्षणभर वर उसळला आणि मग गाडीने धरले. ते पापुद्रे कोठून आले याचे उत्तर मिळाले: चौथ्या गिअरचा क्लच खरोखरच झिजू लागला आहे. तेव्हापासून चढण लागली, की मी ओव्हरड्राइव्हचे बटण बंद करतो आणि चौथ्याला विश्रांती देतो. बॅन्फला जायचे झाले तर मित्राच्या गाडीतून जातो. गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च करायचा की नाही हे पुढल्या हिवाळ्यापूर्वी ठरवीन. अल्बर्टा प्रांतात गाडी-दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यास ॲमव्हिक या नियामक संस्थेचा परवाना लागतो आणि काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची संमती घ्यावी लागते. तेव्हा अंदाजपत्रक लेखी मागेन, आणि काढलेल्या चकत्या मला दाखवा म्हणूनही सांगेन.

काकांनी पुण्यास परतण्यापूर्वी गाडीखाली एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून ठेवला होता आणि पडणाऱ्या प्रत्येक थेंबाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून तारीख घालण्यास मला बजावले होते. मार्चनंतर तो कोरडाच होता. मे महिन्याच्या मध्यावर त्यावर एक नवा डाग दिसला. फोनवर तसे कळवताच त्यांनी खुशाली विचारायच्या आधी विचारले, “रंग कोणता?”

“हिरवट आहे, काका.”

“मग गिअरबॉक्सला हात लावू नका. ते रेडिएटरचं पाणी आहे.”